बिनतारी हातोहात : निकटवर्ती यंत्रांमधील फाइलींच्या देवघेवीत संमतीचे स्थान

दोन यंत्रे एकमेकांजवळ आणावी आणि एकातील फाइल तारेवाचून दुसऱ्यात पोहोचवावी, ही गोष्ट सामान्य माणसाच्या हाती येऊन आता सुमारे पस्तीस वर्षे झाली. या विद्येचा जो इतिहास बहुधा सांगितला जातो, तो वेगाचा इतिहास असतो. प्रथम अवरक्त किरण आले, ते मंद होते. मग ब्लूटूथ आले, ते थोडे जलद होते. पुढे वाय-फायच्या लहरींनी हे काम हाती घेतले आणि जो चित्रपट पाठविण्यास तास लागत तो मिनिटांत जाऊ लागला. हा क्रम खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. २००७ साली बाजारात आलेल्या आयफोनमध्ये ब्लूटूथचा रेडिओ असूनही त्यातून शेजारच्या फोनला छायाचित्र का पाठविता येत नव्हते, २००९ साली वेगाचा प्रश्न सोडविणारी ब्लूटूथची आवृत्ती व्यवहारात का रुजली नाही, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे एकाच मेजावरील दोन भिन्न कंपन्यांच्या फोनांमधील छायाचित्र दूरदेशीच्या सर्व्हरला वळसा घालून का जात राहिले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वेगाच्या इतिहासातून मिळत नाही.

वस्तुतः फाइल देण्याच्या क्रियेत वहनाचा भाग शेवटचा असतो. त्यापूर्वी तीन गोष्टींचा निर्णय व्हावा लागतो : जवळ कोण आहे, त्यांतील आपल्याला अभिप्रेत असलेला कोणता, आणि तो घेण्यास राजी आहे किंवा नाही. माणसे एकमेकांच्या हाती कागद देतात तेव्हा या तिन्ही प्रश्नांचा उलगडा डोळ्यांनी व हाताने एकाच क्षणी होतो, म्हणून ते प्रश्न आहेत याची जाणीवही होत नाही. बिनतारी यंत्रांत ते सुटे झाले. या दृष्टीने पाहता, या विद्येच्या प्रत्येक टप्प्यावर देहाच्या सान्निध्यातून मिळणारी संमती थोडीथोडी सुटत गेली आणि तिची जागा भरून काढण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागले, असे दिसते. ते काम कोणी केले, हाच या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

प्रारंभीच्या यंत्रांत ही संमती किती सहज होती ते पाहण्यासारखे आहे. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीने १९९० साली काढलेल्या एचपी-४८एसएक्स या गणकयंत्राच्या माथ्यावर अवरक्त किरणांची एक लहानशी खिडकी होती. दोन गणकयंत्रे माथ्याला माथा लावून ठेविली की एकातील सूत्रे व प्रोग्रॅम दुसऱ्यात उतरत. दोघांनीही यंत्र पुढे केल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते. यंत्र पुढे करणे हीच संमती. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना याची धास्ती वाटावी हे स्वाभाविकच होते, आणि त्यांनी योजिलेला उपाय त्या काळाचे स्वरूप एका दृष्टीत स्पष्ट करतो. अमेरिकेतील एसीटी या प्रवेशपरीक्षेच्या नियमांत, अशा गणकयंत्राची अवरक्त खिडकी जाड, अपारदर्शक चिकटपट्टीने पूर्णपणे झाकावी, असे कलम आढळते. प्रकाश थांबविण्यास पट्टीचा तुकडा पुरतो, आणि पर्यवेक्षकाला तो तुकडा डोळ्यांनी दिसतो. पुढील रेडिओयुगात असा उपाय कोणालाही उपलब्ध राहिला नाही.

घड्याळाचा प्रवेशही याच सुमारास झाला, आणि तो अगदी वेगळ्या वाटेने झाला. टायमेक्स कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने १९९४ साली डेटालिंक नावाचे मनगटी घड्याळ विक्रीस आणिले. संगणकातील दूरध्वनी क्रमांक व भेटीगाठींच्या वेळा त्यात उतरवून घेण्यासाठी ते संगणकाच्या पडद्यासमोर धरावे लागे. पडद्यावर आडव्या प्रकाशरेषा उघडझाप करीत आणि घड्याळातील लहानसा डोळा त्या टिपून घेई. ही युक्ती जुन्या काचनळीच्या पडद्यावर अवलंबून होती. त्या पडद्यावर चित्र रेषारेषांनी उमटते म्हणूनच ती चाले, आणि सपाट पडद्याच्या संगणकांसाठी एक निराळे जोडयंत्र लागे. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, या घड्याळाला डोळा होता पण वाचा नव्हती. ते घेऊ शके, देऊ शकत नसे. घड्याळाचे हे परावलंबन पुढे रेडिओ आल्यावरही सर्वस्वी सुटले नाही.

१९९३ साली अवरक्त संदेशवहनाचे नियम ठरविण्यासाठी इर्डा ही संघटना स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिचे पहिले नियम प्रसिद्ध झाले. वेग सेकंदाला जास्तीत जास्त ११५.२ किलोबिट, अंतर सुमारे एक मीटर, आणि किरणांचा शंकू मध्यरेषेपासून निदान १५ अंशांचा. एक मेगाबाइटची फाइल जाण्यास निर्वेध स्थितीतही मिनिटाहून अधिक वेळ लागे आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागे. अॅपलच्या न्यूटन या हातातील संगणकात १९९३ पासून, नोकियाच्या ६११० या फोनमध्ये १९९७ पासून, तर पाम कंपनीच्या यंत्रांत १९९८ च्या पाम-थ्रीपासून ही सोय आली. पाम यंत्रे वापरणारे लोक भेटीच्या वेळी आपापली परिचयपत्रे एकमेकांच्या यंत्रावर किरणाने सोडीत. घेणाऱ्याच्या पडद्यावर स्वीकाराचा प्रश्न येई खरा. परंतु देणारा समोरच उभा असल्यामुळे त्या प्रश्नाला शिष्टाचारापलीकडे फारसे महत्त्व नव्हते.

या काळाची टिकाऊ देणगी मात्र किरण नव्हे, तर ओबेक्स हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांच्या संभाषणाचा संकेत होय. इर्डाने १९९७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या संकेतात मुख्य क्रियापदे दोनच : ‘पुट’ म्हणजे ठेव आणि ‘गेट’ म्हणजे आण. कोणतीही वस्तू, मग ती परिचयपत्र असो, चित्र असो वा सूर, या दोन आज्ञांनी हलविता येई. त्याच्या जोडीला परिचयपत्राचा व्ही-कार्ड हा सर्वमान्य आराखडा १९९६ पर्यंत तयार झालेला होता. दोन्ही संकेत कोणा एका कंपनीचे नव्हते. म्हणून नोकियाचा फोन आणि पामचे यंत्र एकमेकांशी बोलू शकत. पुढील कालखंडाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

ब्लूटूथचा आरंभ स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ साली झाला. याप हार्टसेन या डच अभियंत्याकडे फोन व त्याची उपांगे यांच्यामधील तार काढून टाकण्याचे काम होते. मे १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा यांचा संघ जाहीर झाला आणि १९९९ साली पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे उपनाव या विद्येला इंटेलमधील जिम कार्डाक यांच्या सूचनेवरून मिळाले. ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा रेडिओ चालतो तेथे परवान्यावाचून प्रक्षेपण करण्याची मोकळीक अमेरिकेत १९८५ साली देण्यात आली होती. तो निर्णय झाला नसता तर पुढची कथा घडती ना. (अभिनेत्री हेडी लामार हिच्या १९४२ च्या एकस्वाला ब्लूटूथची जननी ठरविण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती कथा म्हणून रंजक असली तरी पाणतीराच्या मार्गदर्शनासाठी घेतलेले ते एकस्व आणि लुंडमधील काम यांना जोडणारा धागा फार बारीक आहे.) हा रेडिओ ७९ वाहिन्यांमधून सेकंदाला १६०० वेळा उडी घेतो. आपले जुने ओबेक्सही या संघाने जसेच्या तसे उचलले. संकेत तोच राहिला, वाहन तेवढे बदलले.

परंतु वाहनाच्या या बदलात एक गोष्ट गळून पडली. किरणाला दिशा होती, लहरीला नव्हती. दहा मीटरच्या परिसरात, खिशातून, पिशवीतून, भिंतीपलीकडूनही यंत्र ऐकू लागले. नेम धरण्याची आवश्यकता संपली आणि नेमाबरोबर येणारी ओळखही संपली. पडद्यावर आता समोरच्या माणसाऐवजी नावांची यादी दिसू लागली, आणि ती नावे ज्याची त्याने हवी तशी ठेविलेली असत. जुना ओबेक्स संकेत समोरासमोरच्या देवघेवीसाठी रचिलेला होता. तो गर्दीत आणून सोडला गेला.

याचे परिणाम लवकरच दिसू लागले. २००३ च्या सुमारास अनोळखी फोनवर परिचयपत्राच्या रूपाने गमतीचे मजकूर धाडण्याची टूम युरोपात निघाली. परिचयपत्रातील नावाच्या रकान्यातच निरोप लिहिला जाई. हा खोडसाळपणा निरुपद्रवी होता. त्याच वर्षी उघडकीस आलेला दुसरा प्रकार तसा नव्हता. काही फोनांमध्ये परिचयपत्र ‘ठेवण्या’साठी जो दरवाजा उघडा ठेविला होता, तो ‘आण’ या आज्ञेलाही उत्तर देत असे. फाइलीचे नेमके नाव घेऊन मागणी केली की मालकाच्या नकळत संपूर्ण दूरध्वनी-वही बाहेर येई. ‘पुट’ आणि ‘गेट’ या दोन क्रियापदांमधील भेद किरणांच्या काळात व्याकरणापुरता होता. येथे तो देणगी आणि चोरी यांच्यामधील भेद ठरला.

जून २००४ मध्ये कॅबीर हा किडा आढळला. सिंबियन प्रणालीच्या फोनवर ब्लूटूथने पसरणारा हा पहिलाच प्रोग्रॅम. तो कोणतेही कुलूप तोडीत नसे. तो रीतसर परवानगी मागत असे. नकार दिला तरी पुन्हा मागे, आणि फोन त्याच्या टापूत असेपर्यंत मागतच राही. सारख्या येणाऱ्या प्रश्नाने फोन वापरणेच अशक्य झाले म्हणजे मालक कंटाळून ‘हो’ म्हणे. ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकी येथील जागतिक मैदानी स्पर्धांच्या वेळी क्रीडागारातील गर्दीत त्याचा प्रादुर्भाव झाल्याचे नमूद आहे. कॅबीरने केलेली प्रत्यक्ष हानी फोनची विद्युतशक्ती लवकर संपण्यापलीकडे फारशी नव्हती. ऐतिहासिक दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. संमतीचा प्रश्न पडद्यावर विचारला म्हणजे संमती मिळाली, हे गृहीतक त्याने पहिल्यांदा खोटे पाडले.

भारतातील चित्र मात्र या भीतीच्या कथेपेक्षा पुष्कळच वेगळे होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना जानेवारी २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त केले. त्यानंतरच्या दशकात ब्लूटूथ असलेले फोन गावोगावी पोहोचले, पण इंटरनेट महागच राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन दर कोसळेपर्यंत गाणी, चित्रफिती, भजने व चित्रपटांचे तुकडे यांचा प्रसार मुख्यत्वे दोन मार्गांनी होत असे : मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून घेणे आणि मित्राकडून ब्लूटूथने घेणे. एका गाण्याला मिनिट दोन मिनिटे लागत. तेवढा वेळ दोघे शेजारी बसलेले असत, कोणते गाणे द्यावयाचे याची चर्चा होत असे, आणि देणारा बहुधा परिचित असे. येथे रेडिओच्या दिशाहीनतेची उणीव समाजानेच भरून काढली होती. ब्लूटूथचा मंद वेग हा दोष म्हणून मोजला जातो. परंतु त्या मंदपणामुळेच माणसे एकमेकांजवळ थांबत होती, ही बाजूही नोंदविली पाहिजे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या व्यवहारात एक मोठी अडचण आहे. त्याची कोणतीही दप्तरनोंद नाही. पोथीची नक्कल करणारा लेखक शेवटी पुष्पिकेत शक, तिथी, स्थळ व आपले नाव घालीत असे आणि त्या आधारे नकलेची परंपरा जुळविता येते. ब्लूटूथने मिळालेल्या फाइलीवर तारीख बहुधा घेतल्याच्या दिवसाची पडते, देणाऱ्याचे नाव उरत नाही, आणि मधे कोणताही सर्व्हर नसल्यामुळे तिसऱ्या कोणाकडे पुरावा सापडण्याचा संभव नसतो. एखादे लोकगीत कोणत्या वाटेने कोठे पोहोचले याचा मागोवा तमाशाच्या फडांवरून वा ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवरून घेता येतो, तसा या काळातील प्रसाराचा घेता येत नाही. संशोधकांनी त्या वेळच्या दुकानदारांच्या व श्रोत्यांच्या आठवणी वेळीच टिपून ठेवणे हाच काय तो मार्ग उरतो. पुराव्याचा हाच अभाव दुसऱ्या देशांत दुसऱ्या कारणासाठी हवाहवासा वाटला, ते पुढे येईलच.

ओबेक्सच्या सर्वमान्य संकेताला पहिला मोठा छेद दिला तो आयफोनने. २००७ च्या या फोनमध्ये ब्लूटूथ होते, पण वस्तू देण्याघेण्याचा भाग त्यात घातलेला नव्हता. येथे रेडिओ होता, संकेत नाकारला होता. इतर सर्व फोनांना समजणारी भाषा एका बलाढ्य कंपनीने बोलण्याचे नाकारले की त्या भाषेचे सार्वत्रिकत्व संपते. दुसरीकडे ब्लूटूथ-संघाने एप्रिल २००९ मध्ये तिसरी आवृत्ती काढली. तिची कल्पना उत्तम होती : शेजाऱ्याचा शोध व बोलणी ब्लूटूथने करावी आणि जड ओझे वाय-फायच्या लहरींवर, सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत, वाहून न्यावे. ही व्यवस्था फारशी रुजली नाही आणि २०२१ च्या ५.३ या आवृत्तीतून ती काढूनही टाकण्यात आली. गंमत अशी की हीच कामाची वाटणी पुढे खाजगी कंपन्यांनी आपापल्या कुंपणात राबवून यशस्वी केली.

मध्यंतरी स्पर्शाचाही एक प्रयोग होऊन गेला. ऑक्टोबर २०११ च्या अँड्रॉइड प्रणालीत दोन फोन पाठीला पाठ लावून वस्तू देण्याची अँड्रॉइड बीम नावाची सोय आली. एनएफसी या रेडिओचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटर, म्हणजे गणकयंत्रांच्या माथ्याला माथा लावण्याचाच हा पुनरवतार. संमतीच्या दृष्टीने तो निर्दोष होता. वापराच्या दृष्टीने अवघडलेला. २०१९ पासून तो सोडून देण्यात आला.

या पोकळीत शेअरइट, झेंडर यांसारखे प्रोग्रॅम वाढले. यांपैकी बहुतेकांचा उगम चीनमधील कंपन्यांत झाला. त्यांची युक्ती साधी होती. एक फोन स्वतःच वाय-फायचे केंद्र होई, दुसरा त्याला जोडला जाई, आणि फाइल ब्लूटूथच्या कितीतरी पट वेगाने जाई; इंटरनेटचा एक पैसाही खर्च होत नसे. भारतात त्यांचा प्रचंड प्रसार झाला तो याच कारणाने. हा बाजार ओळखून गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील कार्यक्रमात फाइल्स गो हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. पुढे गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी भारत सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६९-अ कलमान्वये ५९ प्रोग्रॅमांवर बंदी घातली, त्यांत शेअरइट व झेंडर दोन्ही होते. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना गाणे देण्याचा मार्ग दोन राष्ट्रांच्या सीमावादात सापडला. ऑगस्ट २०२० मध्ये गूगलने निअरबाय शेअर ही सोय अँड्रॉइडमध्येच आणली. बंदी आणि ही सोय यांच्यामधील अंतर पाच-सहा आठवड्यांचेच असले तरी एक दुसरीचे कारण होती असे मानण्यास आधार नाही. अशी विद्या इतक्या अल्प काळात सिद्ध होत नाही.

आता अॅपलच्या एअरड्रॉपचा विचार केला पाहिजे, कारण संमतीचा प्रश्न सर्वांत खोलवर जाऊन सोडविण्याचा प्रयत्न, आणि त्याचे अपयशही, तेथेच पाहावयास मिळते. २०११ साली मॅक संगणकांवर, सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनवर आणि पुढील वर्षी दोहोंच्या दरम्यान ही सोय आली. ब्लूटूथच्या क्षीण हाकेने शेजारी जागा होतो, मग दोन्ही यंत्रे थेट वाय-फायने जोडली जातात. या संभाषणात तीन पायऱ्या आहेत : शोध, विचारणा आणि पाठवणी. ‘फक्त परिचितांकडून’ असा पर्याय ठेविला असता, देणारा घेणाऱ्याच्या नामवहीत आहे की नाही हे यंत्रेच तपासतात. त्यासाठी प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक अॅपलने आपल्या सहीनिशी प्रमाणित केलेला असावा लागतो. शेजारी बसलेल्या माणसाची ओळख पटविण्यासाठी दूरस्थ कंपनीचा दाखला लागू लागला, हे या टप्प्याचे मर्म होय.

हा दाखला उघडपणे न दाखविता ‘हॅश’ रूपात, म्हणजे क्रमांकापासून गणिताने काढलेल्या व उलट दिशेने सहज न सुटणाऱ्या संख्येच्या रूपात, धाडला जातो. जर्मनीतील डार्मस्टाट तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी या आवरणाचा फोलपणा २०१९ मध्ये कंपनीला कळविला व २०२१ मध्ये जाहीर केला. कारण अंकगणिताचे आहे. सहा ते नऊ या अंकांनी आरंभ होणारे दहा आकडी भारतीय क्रमांकच घेतले तर ते ४०० कोटींपलीकडे जात नाहीत. तेवढ्या सर्वांचे हॅश आधीच काढून तक्ता करून ठेवणे संगणकाला अवघड नाही; मग आलेला हॅश तक्त्यात शोधला की क्रमांक हाती येतो.

‘सर्वांकडून’ हा दुसरा पर्याय ज्यांनी उघडा ठेविला होता त्यांना निराळाच अनुभव आला. विचारणेच्या पायरीवर घेणाऱ्याला चित्राची लहान प्रत दाखविली जाते. हेतू चांगला होता. काय येत आहे ते पाहून मग निर्णय करावा. परंतु अश्लील चित्र धाडणाऱ्याचे काम त्या लहान प्रतीनेच पूर्ण होत असे. २०१५ साली लंडनमध्ये आगगाडीतून प्रवास करणाऱ्या एका महिलेच्या तक्रारीची ब्रिटिश वाहतूक पोलिसांनी चौकशी केली. तिने नकार दिला होता, पण नकार देण्यासाठी चित्र पाहणे भाग पडले होते. इंग्लंडमध्ये असे चित्र पाठविणे जानेवारी २०२४ पासून स्वतंत्र गुन्हा ठरले. कॅबीरच्या वेळी प्रश्नाचा मारा करून संमती काढली जात होती. येथे प्रश्न हाच आघात बनला.

याच उघड्या दरवाजाचा उपयोग दुसऱ्या लोकांनी दुसऱ्या कामासाठी केला. ७ जुलै २०१९ रोजी हाँगकाँगमधील कौलून भागात निघालेल्या मोर्चातील लोकांनी चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या प्रवाशांच्या फोनवर एअरड्रॉपने पत्रके सोडली. ती त्या प्रवाशांना वाचता यावी म्हणून सुलभीकृत चिनी लिपीत तयार केलेली होती. मधे सर्व्हर नाही, म्हणून नियंत्रक नाही आणि नोंदही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीजिंगमधील सीतोंग पुलावर निषेधाचे फलक लागल्यावर त्यांतील मजकूरही याच मार्गाने फिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये विकल्या गेलेल्या आयफोनांवर ‘सर्वांकडून’ हा पर्याय दहा मिनिटांपुरता मर्यादित झाला. पुढील महिन्यात तो जगभर तसाच करण्यात आला. आगगाडीतील महिलेच्या दृष्टीने पाहिले तर हे संरक्षण, कौलूनमधील मोर्चेकऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर हे तोंड दाबणे. आणि दोन्ही वाचने एकाच नियमाची आहेत. जानेवारी २०२४ मध्ये बीजिंगच्या न्यायविभागाने जाहीर केले की एअरड्रॉपने आक्षेपार्ह मजकूर पाठविणाऱ्यांचे क्रमांक तेथील तज्ज्ञांनी हॅशच्या तक्त्यांवरून शोधून काढले आहेत. डार्मस्टाटचा इशारा पाच वर्षे आधी दिलेला होता.

घड्याळांची कथा या सर्व गडबडीपासून अलिप्त राहिली, याचे कारण त्यांची दासवृत्ती. २०१० च्या चौथ्या आवृत्तीने ब्लूटूथचा जो अल्पशक्ती प्रकार आणिला तो घड्याळाच्या इवल्याशा विद्युतघटासाठी योग्य होता. पण त्याची ओंजळ फार लहान, मूळ मांडणीत एका खेपेस अवघ्या २० बाइटची. एक मेगाबाइटच्या फाइलीला अशा सुमारे पन्नास हजार खेपा लागतात. ओंजळ पुढे मोठी झाली, आणि २०१५ च्या अॅपल वॉचसारख्या घड्याळांत वाय-फायही आले. तरीही फाइलींच्या बाबतीत घड्याळ मुख्यतः आपल्या मालकाच्या फोनशीच बोलते. दोघांमधील संमती पहिल्या जोडणीच्या दिवशी एकदाच घेतली जाते आणि पुन्हा विचारली जात नाही. १९९० च्या गणकयंत्रांना परस्परांशी जी बरोबरी होती ती या कितीतरी समर्थ यंत्रांना लाभलेली नाही.

कुंपणे मोडण्याचे प्रयत्न अलीकडील आहेत आणि ते रेडिओच्या नव्हे, करारांच्या क्षेत्रातील आहेत. २०१९ साली शाओमी, ओप्पो व विवो या तीन कंपन्यांनी परस्परांच्या फोनांमध्ये फाइली देण्यासाठी समझोता केला. जानेवारी २०२४ मध्ये गूगल व सॅमसंग यांनी आपापल्या सोयी क्विक शेअर या एका नावाखाली आणण्याचे जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने डिजिटल बाजारविषयक कायद्यान्वये अॅपलला इतरांच्या उपकरणांशी जुळवून घेण्याच्या तपशीलवार आज्ञा दिल्या; त्यांत वाय-फाय अवेअर या २०१५ पासून उपलब्ध असलेल्या सामाईक संकेताचा समावेश होता, आणि त्याच वर्षीच्या आयफोन-प्रणालीत तो आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० या आपल्या फोनांवरून आयफोनशी एअरड्रॉपने थेट देवघेव करता येईल असे जाहीर केले. अॅपलचे सहकार्य त्यासाठी घेतलेले नव्हते. अॅपलच्या सहीचा दाखला पिक्सेलजवळ नसल्यामुळे ‘फक्त परिचितांकडून’ हा मार्ग त्याला बंद आहे. आयफोनच्या मालकाने आपला फोन ‘सर्वांकडून, दहा मिनिटे’ या स्थितीत ठेविला तरच तो पिक्सेलला दिसतो. म्हणजे २०२२ साली चीनमधील फोनांवर प्रथम घातलेल्या मर्यादेच्या चौकटीतूनच आज दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या हाती फाइल देता येते.